नऊ नंबरचे थांबे

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बायकोच्या मते माझ्या बसला हॉर्न बसवला नसता तरी चाललं असतं. पण अकरा वर्षं रोज पहाटे त्याच चढावर तीच बस चढवणाऱ्या माणसाला थोडंफार चिडायचा हक्क आहे, असं मला वाटतं. बस नऊ नंबरची. स्टेशनवरून निघते, मोठ्या इस्पितळापाशी वळसा घेते आणि टेकडीवरच्या वस्तीत पाण्याच्या टाकीला फेरा मारून परत फिरते. कंडक्टर नाही. दार मीच उघडतो, मीच लावतो, पासही मीच बघतो. बघतो म्हणजे काय, टेकडीवरच्या सगळ्यांकडे कुठल्याही बसला चालणारा महिन्याचा पास असतो आणि मला त्यांचे चेहरे पाठ आहेत. पर्समधून पास काढायला लावून कोण वेळ घालवणार?

आता गुन्हा कबूल करतो. टेकडीवर नऊ नंबरचे आठ थांबे आहेत आणि त्यातल्या एकावरही मी धड थांबत नसे.

याची सुरुवात झाली माझ्या ताईमुळे. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. तळघरात मोठमोठी यंत्रं, वाफ, चादरींचे ढीग, आणि सकाळी साडेसहाला पाळी सुरू. सहा वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बिघडला. तिच्या घराजवळचा थांबा म्हणजे बंद पडलेल्या तारेच्या कारखान्याचं फाटक. थांबा ठरवला तेव्हा कारखान्यात तीनशे माणसं होती. आता तिथे एक कुत्रं असतं आणि ते काही बसने जात नाही. ताईच्या घरापासून तिथवर दहा मिनिटांचा खडा उतार आहे. एका सकाळी भिंतीला धरून धरून ती उतरताना मला दिसली, आणि दुसऱ्या दिवशी मी बस सरळ तिच्या दारात उभी केली.

शेजारच्या बेकरीवाल्याने ते पाहिलं. म्हणाला, "बहिणीला दारात, आणि आम्ही काय सावत्र?" मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. मग बेकरीच्या मागच्या दाराशी थांबायला लागलो. मग पिवळ्या फाटकाशी, तिथल्या दोघी नर्सबाईंसाठी. मग काठी घेऊन चालणाऱ्या घड्याळजींसाठी. बघता बघता अशी चौदा दारं झाली. ठरलेला थांबा सोडून बस थांबवणं नियमात बसत नाही. पहिल्यांदा सापडलं तर निलंबन आणि दुसऱ्यांदा सापडलं तर घरी बसायचं, हे मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी थंडी पडायच्या सुमाराला टेकडीवरच्या थांब्यांवर माणसं दिसू लागली. प्रवासी नव्हेत. गळ्यात पालिकेचं ओळखपत्र, हातात पॅड, बसायला घडीची खुर्ची. प्रत्येक थांब्यावर एकजण. मी मनात म्हटलं, आलं संकट! कोणीतरी चहाडी केली आणि खात्याने मला पकडायला तपासनीस बसवले. त्याच दिवशी मी बसमधल्या सगळ्यांना बजावलं, "हे लोक जाईपर्यंत थांब्याच्या आसपाससुद्धा फिरकू नका. दारातच तयार राहा, दार उघडलं की पटकन चढा, पटकन उतरा."

टेकडीवरची माणसं गुणी. एरवी दोघं-चौघं गप्पा मारत थांब्यावर उभी असायची, तीही गायब झाली. थांब्यांवरून जाताना मी वेगही कमी करत नव्हतो. उलट कारखान्यापाशी बसणाऱ्या चष्मेवाल्या बाईंना मोठ्या रुबाबात हात करायचो. त्याही हात करायच्या आणि पॅडवर काहीतरी लिहायच्या. पंधरा दिवस मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. त्या काय लिहीत होत्या ते दीड महिन्याने डेपोच्या फळ्यावर लागलं. कारखान्याच्या फाटकाशी शून्य.

ते तपासनीस नव्हतेच. पालिका प्रवासी मोजत होती.

झालं होतं असं. आमच्या बस नुसत्या तिकिटावर कधीच चालत नव्हत्या. कमी पडेल ते वरून येणाऱ्या मदतीतून भागायचं. ती मदत थांबली. मग पालिकेने ठरवलं की गावातल्या प्रत्येक घराच्या घरपट्टीत बससाठी थोडा वाटा धरायचा आणि बस गावानेच चालवायच्या. फक्त घरमालकांना दाखवायला हवं ना, की बसमध्ये माणसं आहेत. म्हणून मोजणी. ज्या मार्गाला माणसं असतील तो घरपट्टीवर चालेल, बाकीचे बंद. नऊ नंबरच्या नावापुढे लिहिलं होतं: टेकडीवरचे थांबे आठ, दिवस पंधरा, चढलेले प्रवासी सहा.

ते सहाजणही कोणाकडे तरी आलेले पाहुणे असणार.

त्या रविवारी आम्ही सासरी जेवायला गेलो. माझे सासरे पूर्वी बांधकामाचे ठेकेदार होते. टेकडीवर त्यांची दोन घरं आहेत. एकात ते राहतात, दुसऱ्यात भाडेकरू. शिवाय एक जुनी मोटार आहे, तिला ते नातवंडापेक्षा जास्त पुसतात. जेवण होईपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला, मग खिशातून मोजणीचा छापील अहवाल काढला.

"जावईबापू, तुमच्या बसमध्ये मी कधी बसतो का?"

"नाही, बाबा."

"मग तिच्यासाठी मी का भरायचं? आणि तेही दोन घरांचं!"

"शाळेत तरी तुम्ही कुठे जाता आता? तिच्यासाठी भरताच ना."

"शाळेत मुलं असतात. तुमच्या बसमध्ये कोण असतं ते इथे छापलंय." त्यांनी अहवालावर बोट आपटलं. "शनिवारी हरकतींची सभा आहे. टेकडीवरच्या घरमालकांच्या वतीने मी बोलणार आहे. रिकामी बस आमच्या पट्टीवर फिरवू देणार नाही."

मी ताटाच्या कडेचं मीठ बोटाने टिपत बसलो. बस रिकामी नसते, असं म्हणायचं तर माणसं कुठून चढतात तेही सांगावं लागणार होतं. सासूबाई तेवढ्यात पाणी घेऊन आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तांब्या ठेवून परत गेल्या. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, एरवी कोणाचं ऐकून घेत नाही तुम्ही. आज काय झालं?"

मी बस वळणावरून न्यावी तसा विषय वळवला आणि तडक ताईकडे गेलो.

ताई इस्त्री केलेले कपडे घडी करत होती. घरीसुद्धा तिच्या घडीची कड कधी इकडची तिकडे होत नाही. तिला सगळं आधीच कळलं होतं. लाँड्रीच्या मुकादमाशी बोलूनही झालं होतं.

"दुपारची पाळी मिळेल का विचारलं. नाही म्हणाले. मग सोडावं लागेल."

"सोडायचं कसं? तीन वर्षं राहिलीत तुझी. मध्येच सोडलंस तर पेन्शन हातात काय पडणार?"

"निम्मंही नाही." तिने दुसरा कपडा घेतला. "रोज टॅक्सीने गेले तर पगार टॅक्सीवाल्यालाच द्यावा लागेल. पायी उतरायचं म्हटलं तर गुडघा आहेच. विचार करून झालाय माझा."

"मी सभेत सांगतो. माझ्यामुळे झालंय हे."

ताईने घडी खाली ठेवली. "बाळ्या, तू तोंड उघडायचं नाहीस. तुझी पोरगी कॉलेजात आहे. दोन घरं बुडण्यापेक्षा एक बुडलेलं बरं. आणि मी एकटी आहे, मला लागतंय काय?"

मला बाळ्या म्हणणारी या जगात ती एकटीच उरली आहे. मी भांडलो, ओरडलो, दार आपटून निघालो आणि फाटकाशी येऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. ताईच्या दारात बस थांबवताना मला मोठं पुण्य केल्यासारखं वाटायचं. त्याच पुण्यापायी आता तिची नोकरी जायला निघाली होती.

सभा शनिवारी दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. समोर टेबलाशी पालिकेच्या अध्यक्षबाई, बाजूला वाहतूक अधिकारी, आणि भिंतीला टेकून मोजणीची माणसं. त्यात चष्मेवाल्या बाईही होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि सवयीने हात केला. मी कसाबसा परत केला. मी, बायको आणि ताई मागच्या बाकावर बसलो. सासूबाई बायकांच्या घोळक्यात पुढे होत्या.

पहिले उभे राहिले ते सासरे. माणूस बोलतो छान, हे मान्य करायला हवं. "बससाठी पट्टी द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले, "पण बसमध्ये माणूस तरी हवा! आठ थांबे, पंधरा दिवस आणि सहा माणसं. एवढी माणसं तर माझ्या मोटारीत दोन फेऱ्यांत मावतील." हॉलमध्ये हशा पिकला. ताईही हसली, आणि तिचं ते हसणं माझ्याने बघवेना. मी उठलो. ताईने माझा शर्ट मागून धरला. मी तो सोडवला.

"मी नऊ नंबरचा ड्रायव्हर," मी म्हणालो, "आणि हे आकडे माझ्यामुळे चुकलेत."

मग सगळं सांगितलं. बहिणीच्या गुडघ्यापासून तपासनीस समजून हात करण्यापर्यंत. हॉलमध्ये कोणीतरी खुसखुसलं. वाहतूक अधिकाऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या ते लांबूनही दिसत होतं. भिंतीशी उभ्या असलेल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "तरीच! बस भरलेली दिसायची हो. पण आम्हाला थांब्यावर चढणारे-उतरणारेच मोजायला सांगितलं होतं."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "कशावरून मानायचं हे? बस वाचवायला कोणी काहीही सांगेल, नोकरी वाचवायलाही सांगेल."

"नोकरी वाचवायला असतं तर गप्प बसलो असतो, बाई."

"किती ठिकाणी थांबता?"

"चौदा दारी."

"सांगा."

मी डोळे मिटले आणि बस टाकीपासून खाली आणायला लागलो. हातसुद्धा स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे गेले असावेत, कारण बायको नंतर दोन दिवस माझी नक्कल करत होती. "टाकीखालच्या चाळीपाशी पाच. त्यातले दोघं गवंडी, डबा विसरतात म्हणून एक मिनिट जास्त. मग पिवळ्या फाटकाशी नर्सबाई दोघी. त्यांच्या पुढे घड्याळजी, काठी आधी आत येते, मग ते."

"हा आहे की मी!" घड्याळजी बाकावरून ओरडले.

"बेकरीच्या मागच्या दारी तिघं. शिवणवर्गाच्या जिन्यापाशी मुली सहा किंवा सात, परीक्षा असली की आठ."

आता प्रत्येक दाराबरोबर कोणीतरी उभं राहत होतं. मी दाराचं नाव घ्यायचं आणि हॉलमधून "आहे" म्हणून आवाज यायचा. ताईच्या दाराशी आलो तेव्हा ती उभी राहिली नाही, खाली बघत बसली. बायकोने तिचा हात धरून वर केला. असा अकराव्या दाराशी आलो आणि माझा ब्रेक लागला.

"पुढे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी घाम पुसला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"बोला की, जावईबापू. पुढचं दार आमचं, मागच्या गल्लीतलं."

सासरे गर्रकन वळले. "तू? तू तर शेजारणीच्या गाडीतून बाजारात जातेस!"

"शेजारीणही बसमध्येच असते," सासूबाई म्हणाल्या. "आठवड्यातून चार दिवस. तुमच्या मोटारीत बसलं की बाजार येईपर्यंत मी आयुष्यात काय काय चुकले ते ऐकावं लागतं. बसमध्ये मला खिडकी मिळते."

हॉल असा हसला की बाकं हलली. सासरे लाल झाले, मग पांढरे, मग खाली बसले. मला त्यांची कीव आली. चारचौघांत त्यांची अशी फजिती व्हावी, असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण माणूस मुळात सरळ आहे. हसणं थांबल्यावर ते पुन्हा उठले.

"अध्यक्षबाई, माझी हरकत रिकाम्या बसला होती. मी बांधकामं केली आहेत. नकाशा जुना आणि जागा नवी असली की माप चुकतं. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, तिथे थांबा ठेवून माणसं कसली मोजता? मोजणी पुन्हा करा."

अध्यक्षबाई अधिकाऱ्यांशी बराच वेळ कुजबुजल्या. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा पंधरा दिवस मोजू. पण आत्ता जे थांबे आहेत त्यांवरच. थांबे बदलायचे की नाही ते नंतर. आणि दारात चढलेला एकही माणूस धरला जाणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोन महिने घरी."

दोन महिने बिनपगारी. बाहेर आल्यावर ताईने माझ्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग तोच दंड धरून चालू लागली.

मोजणी ऐन थंडीत सुरू झाली. पहिल्या दिवशी पहाटे सव्वापाचला मी ताईच्या दारी हजर झालो. नियमाप्रमाणे तिला कारखान्यापर्यंत उतरावं लागणार होतं. दहा पावलं टाकली की ती थांबायची, दात आवळायची, पुन्हा दहा पावलं. "एकदा नाही, पंधरा दिवस," मी म्हणालो. "जमेल का?" ती म्हणाली, "तू बोलू नकोस. बोललास की मला हसू येतं आणि गुडघा लचकतो."

मागून दिव्यांचा उजेड पडला. सासऱ्यांची मोटार बैलगाडीच्या वेगाने उतरत होती. आत मागच्या सीटवर घड्याळजी काठी छातीशी धरून बसले होते, शेजारी टाकीखालच्या म्हाताऱ्या आजी. सासऱ्यांनी काच खाली केली.

"ताई, बसा पुढे."

"बाबा, इतकं आहे तर सरळ इस्पितळापर्यंतच सोडा ना," मी म्हणालो.

सासरे माझ्यावर खेकसले, "शहाणेच आहात! मग मोजणार कोण? थांब्यापर्यंतच सोडणार."

पंधरा दिवस त्यांनी त्या उतारावर पहाटे तीन-तीन फेऱ्या मारल्या. ज्यांचे पाय धड होते ते चालत यायचे, बाकीचे मोटारीतून. कारखान्याच्या फाटकाशी इतकी गर्दी व्हायची की तिथलं कुत्रं पहिले दोन दिवस भुंकून दमलं आणि मग रांगेतच झोपायला लागलं. बदली ड्रायव्हर बिचारा एवढी माणसं बघून आधी घाबरला. चष्मेवाल्या बाई खुर्ची सोडून उभ्या राहून मोजायच्या. ताईला बसच्या पायरीवर चढता येईना, तेव्हा त्यांनी पॅड काखेत मारलं, तिला हात देऊन वर चढवलं आणि मगच कागदावर खूण केली. मी बाहेरून बघत होतो. अकरा वर्षांत मी माझी बस भरलेली कधी बाहेरून पाहिली नव्हती. सगळ्या खिडक्यांत दिवा आणि दिव्याखाली ओळखीचं डोकं, अशी ती खाली गेली, आणि मला रडू आलं. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि उगाचच मोटारीची काच पुसायला घेतली.

पालिकेचा निर्णय एका मंगळवारी दुपारी झाला. मी डेपोच्या बाहेरच उभा होतो, आत जायची मला बंदी होती. कारकुनाने खिडकीतून ओरडून सांगितलं. घरपट्टीतला वाटा तीन मतांच्या फरकाने मंजूर. नऊ नंबर चालू. टेकडीवरचे थांबे नव्याने आखणार, कारखान्याचा थांबा उचलून ताईच्या गल्लीच्या तोंडाशी. दारात कुठेही नाही, पण मोजून चाळीस पावलांवर.

मी तिथूनच लाँड्रीत फोन लावला. ताईला बोलवायला कोणीतरी गेलं. मागे यंत्रांचा घरघराट ऐकू येत होता. ती आली, मी सांगितलं. यंत्रांच्या आवाजात तिला ऐकू आलं की नाही, कळेना.

"ताई?"

"अरे, थांब जरा. डोळ्यांत वाफ गेली." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "तुझे दोन महिने कधी संपतात?"

"अजून तीन आठवडे."

"मग तीन आठवड्यांनी पहिली फेरी तुझी. पाच पन्नास म्हणजे पाच पन्नास, बाळ्या. मला अजून तीन वर्षं कामाला जायचंय, उशीर केलास तर बघ."